काळ्या मातीतलं ऑर्किड

पान बघून रोग सांगायचा, एवढं एकच काम मी जन्मभर केलं. कृषी सहायक होतो. आधी परंड्याच्या बाजूला, मग तुळजापूर तालुक्यात अणदूरकडं, आणि शेवटची वर्षं इथं तेरलाच. शेतकरी शर्टाच्या खिशात पान घालून यायचे. एस.टी.त गाठायचे, चहाच्या टपरीवर गाठायचे, कुणाच्या मयतीला गेलो तर तिथंसुद्धा. चुरगाळलेलं पान माझ्या तळहातावर ठेवायचं आणि म्हणायचं, "साहेब, बघा बरं काय झालंय." मी आधी पान उलटं करायचो. वरनं सगळीच पानं साळसूद दिसतात, खरं काय ते खालच्या बाजूला असतं. मग विचारायचो, "काय काय मारलंय ह्याच्यावर?"

"काय न्हाय साहेब, नुसतं पाणी."

हे उत्तर ठरलेलं. अर्धा तास उकरलं की कळायचं, दुकानदारानं दिलेल्या तीन बाटल्या एकाच पंपात ओतून मारल्यात. तीन फवारे मारायचे आणि एक सांगायचा, हा आमच्या भागातला रिवाज. डॉक्टरपाशी आणि माझ्यापाशी कुणी खरं बोलत नव्हतं. मी चिडायचो, तोंडाला येईल ते बोलायचो. माहितीचे कागद छापून यायचे ते घरोघर वाटायचो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात बांधलेली भजी मला कुणीतरी खायला द्यायचं. पालथ्या घड्यावर पाणी.

रिटायर झालो तेव्हा वाटलं, सुटलो बुवा. कुठलं काय. गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय, तरी सकाळी दात घासतोय तोवर दारात कुणीतरी सोयाबीनचं पान घेऊन उभं. न्हाय म्हणवत नाही. पण खरं सांगायचं तर पानांचा मला कंटाळा आलाय. हिरवं काही बघितलं की दमल्यागत होतं.

अशात गेल्या पाडव्यानंतर आमच्या घरी ते झाड आलं. लेकीनं पाठवलं, तिच्या आईसाठी. पुण्याहून धाराशिवला येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं खोकं दिलं होतं. तेरहून बस पकडून आणायला मीच गेलो, पण खोक्यावर नाव आईचं होतं. माझं असायचं काही कारणही नव्हतं.

लेक आमची एकुलती. बी.एस्सी. ॲग्रीला तिला मीच घातलं. ज्या साहेबांपुढं मी वही घेऊन जन्मभर उभा राहिलो, त्या साहेबांच्या खुर्चीत माझी लेक बसलेली मला बघायची होती. दुसरी कसली हौस मी केली नाही. दोनदा कृषी अधिकाऱ्याची परीक्षा दिली तिनं, दोन्हीदा थोडक्यात हुकली. तिसऱ्यांदा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "आप्पा, आता बास. माझं मन त्यात नाही." तळेगावच्या बाजूला ऑर्किडची नर्सरी होती, तिथं तिनं नोकरी धरली होती. मला न विचारता.

निघाली त्या दिवशी तेरच्या स्टँडवर सोडायला गेलो. बॅग आत ठेवली, ती पायरीवर चढली, आणि माझ्या तोंडातनं गेलं, "आपल्याकडं प्यायला पाणी न्हाय आणि तू श्रीमंतांच्या हॉलमधली फुलं पोसायला चाललीस. मग तिकडंच राहा. परत माझ्या दारात येऊ नको." चारचौघांत बोललो. कंडक्टरनंसुद्धा मान फिरवली. ती आत जाऊन खिडकीत बसली. जित्याची खोड, दुसरं काय. माझा राग नाकावर असतो आणि पाच मिनिटांत उतरतो, पण तेवढ्यात गाडी सुटली होती.

आली नाही परत. आमच्याकडं नागपंचमीला लेकी माहेरी येतात, लग्न झालेल्या असोत नाहीतर नोकरीच्या गावी राहणाऱ्या. दोन पंचम्या तशाच गेल्या. रोज संध्याकाळी आईला फोन करायची. मी समोरच बसलेला असायचो. "आप्पा कसे आहेत?" असं ती विचारते हे मला ऐकू यायचं. बायको म्हणायची, "हाईत बरे." आणि मी पेपर जरा वर धरायचो.

खोकं बायकोनं उघडलं. आत प्लॅस्टिकच्या कुंडीत पाच पानं होती, जाड, गुळगुळीत, एकावर एक रचलेली. मधनं एक दांडा आणि दांड्यावर पांढरी-जांभळी चार फुलं. एवढ्या प्रवासात एक पाकळी दुमडली नव्हती. सोबत लेकीच्या अक्षरातला कागद. बायकोनं चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागली, "मातीत लावू नका. आठ दिवसांनी एकदाच पाणी..."

"बास," मी म्हणालो. "गावाला कागद वाटण्यात माझा जन्म गेला. आता लेक मला कागद पाठवती व्हय? ठेव तिकडं."

तिनं चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. कागदाची घडी घातली आणि देवाच्या फोटोमागं सारली. मग एवढंच म्हणाली, "पंचमीला येते म्हणलीय. तवर झाड जपायचंय. आवो, मला पानाचं काय कळतंय? तुमीच बघा."

त्या दिवसापासनं तिच्या मनात गाठ बसली, की झाड जगलं तर लेक येणार. मी हसलो तिला. पण चहा पिताना पहिली नजर कुंडीकडं जायला लागली, ती माझीसुद्धा.

महिनाभरात फुलं गळाली. ऑर्किडची फुलं कधीतरी गळणारच, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, झाड उपाशी आहे. कुंडीत बोट घालून बघितलं तर माती नाहीच. झाडाच्या सालीचे तुकडे, कोळसा, असला कचरा. मला रागच आला. ह्या नर्सरीवाल्यांनी शहरातल्या लोकांना बनवावं, मला नाही. नदीकाठच्या काळ्या मातीत मी वाढलो. मातीवाचून झाड म्हणजे आईवाचून लेकरू. शेतातली घमेलंभर काळी माती आणली, चाळून घेतली, दोन वर्षं कुजलेलं शेणखत मिसळलं, मूठभर वाळू टाकली, आणि तो सगळा कचरा उपसून झाड नव्या कुंडीत लावलं. अंगठ्यानं चांगलं दाबून. मुळं जाडजूड होती, रुपेरी, गांडुळासारखी कुंडीबाहेर लोंबत होती. तीही आत कोंबली. बायको दारात उभी होती. म्हणाली, "कागदात तर मातीचं नगं म्हणलंय."

"कागदाला काय कळतंय?" मी म्हणालो.

पंधरा दिवसांत पानं मऊ पडली. सुरकुतली, आजारी म्हातारीच्या कातडीसारखी. आता कुठलाही माणूस म्हणेल, तहान लागलीय. मीही म्हणालो. वैशाखाचं ऊन, बेचाळीस-त्रेचाळीस पारा. दोन वेळा पाणी घालायला लागलो. पानं अजूनच लुळी पडली, मग तीन वेळा. मुळं खाली चिखलात कुजत होती, त्यांना पाणी ओढता येत नव्हतं म्हणून पान सुकत होतं, आणि पान सुकतं म्हणून मी अजून पाणी घालत होतो. सोयाबीनच्या पाणथळ रानात हेच होतं. हे मी शंभर शेतकऱ्यांना सांगितलेलं आहे. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं.

मग सगळ्यात खालचं पान पिवळं पडलं. खालचं जुनं पान आधी पिवळं पडतंय म्हणजे नत्र कमी, हे मला झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेन. एकोणीस-एकोणीसचं खत आणलं, पाण्यात विरघळवून फवारलं. आठ दिवसांत पान गळालं. दुसऱ्या पानाचा शेंडा करपला, तांबूस-काळा, कात्रीनं कापल्यागत सरळ रेषेत. शेंडा, कडा करपल्या म्हणजे पालाश कमी. तेही मारलं. मग पानाच्या मध्यावर पाणी भरल्यासारखा डाग उठला. तो बोटानं दाबला की दबायचा. कृषी सेवा केंद्रात गेलो. दुकानदारानं मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"साहेब, तुमाला आमी काय सांगायचं?" म्हणाला आणि दोन बुरशीनाशकं एकत्र असलेली पुडी हातात ठेवली. वर एक टॉनिक, त्याच्याकडनं भेट म्हणून. तीस वर्षं मी असल्याच दुकानदारांच्या नावानं बोटं मोडली होती. पुडी घेतली. टॉनिकसुद्धा घेतलं.

एवढं करून वर आणखी शहाणपण सुचलं, ऊन दाखवलं तर बुरशी मरेल. कुंडी सकाळी ओट्यावर ठेवली आणि धाराशिवला पेन्शनच्या कामाला गेलो. दुपारी दोनला परत आलो तर वरच्या पानावर रुपयाएवढा पांढरा डाग. भाजलं होतं पान. बायको शेजारी गेलेली, तिला कुंडी बाहेर आहे हेच माहीत नव्हतं. ती काही बोलली नाही. कुंडी उचलून आत घेतली आणि ओल्या फडक्यानं पानं पुसत बसली. तिचं ते न बोलणं मला फार लागलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आषाढ लागला तेव्हा दोन पानं उरली होती, आणि पंचमी महिन्यावर आली होती. एका संध्याकाळी नेहमीप्रमाणं फोन आला. बायको बोलता बोलता उठली, माझ्यापुढं आली आणि फोन माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा आता. माझ्यानं खोटं बोलवत न्हाय रोज रोज."

व्हिडिओ कॉल होता. दोन वर्षांनी लेकीचं तोंड समोर बघितलं. वाळली होती जरा. मागं हिरव्या जाळीचं शेड दिसत होतं. खाकरलो आणि म्हणालो, "ते झाडाचं जरा बिघडलंय."

"दाखवा," ती म्हणाली.

मी फोन कुंडीपुढं धरला. तिला माती दिसली असणार, पण बोलली नाही. "पान उलटं करून दाखवा. अजून जवळ. आता बुडाशी. हालवून बघा, डुलतंय का?" माझेच प्रश्न, माझ्याच क्रमानं. लहानपणी सुट्टीत माझ्या मोटारसायकलवर पुढं बसून शेतं हिंडलेली पोर ती. मी एकेक करून दाखवत गेलो. मग तिनं विचारलं, "काय काय मारलंय ह्याच्यावर?"

"काय न्हाय," मी म्हणालो. "नुसतं पाणी."

तोंडातनं गेलं ते. का गेलं ते मला विचारू नका. बायको माझ्याकडं बघत होती, आणि मला वाटलं, ह्या घटकेला जमीन दुभंगली तर बरं. आयुष्यभर ज्या शेतकऱ्यांना झापलं ते का खोटं बोलत होते ते मला तेव्हा कळलं. लबाडी नव्हती ती. आपल्या हातानं आपलं पीक मारलं, हे मोठ्यानं म्हणायचं कसं?

"आप्पा," ती हळू म्हणाली, "खरं सांगा. त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही."

मग सांगितलं. काळी माती, शेणखत, तीन वेळा पाणी, एकोणीस-एकोणीस, पालाश, पुडी, टॉनिक, ऊन. एवढ्यात बायको मधेच म्हणाली, "आन् म्याबी मधनंमधनं फिल्टरचं पाणी घालत हुते. चांगलं म्हणून." पाण्याच्या फिल्टरला मागनं नळी असते, तिच्यातनं वाया जाणारं पाणी आम्ही बादलीत धरतो. आमच्याकडं थेंब वाया घालवणं म्हणजे पाप. फरशी त्यानंच पुसायची, झाडांना तेच घालायचं. लेक म्हणाली, "आई, चांगलं पाणी तुम्ही पिता, आणि बोअरचे सगळे क्षार त्या नळीतनं बाहेर येतात. पानाचे शेंडे त्यानं करपले." बायकोनं तोंडाला पदर लावला. आणि सांगायला लाज वाटते, पण मला क्षणभर बरं वाटलं, की सगळंच काही माझ्या एकट्यामुळं झालं नाही.

तिनं काय करायचं ते सांगितलं, सावकाश, मी लिहून घेईपर्यंत थांबत. हे झाड रानात झाडांच्या फांद्यांवर राहतं, मुळं हवेत सोडून. त्याला धरायला आधार पाहिजे आणि मुळांना हवा पाहिजे, माती नको. आपल्याकडं जे मिळेल त्यातच लावा म्हणाली: लाकडी कोळसा, भाजक्या विटेचे तुकडे आणि नारळाच्या सालाचे तुकडे. पाणी पावसाचं धरलेलं, नाहीतर पिण्याचं. मूळ रुपेरी दिसलं की घालायचं, हिरवं असेल तर हात लावायचा नाही. शेवटी विचारलं, "अजून काही सांगायचं राहिलंय का?"

हेही माझंच वाक्य. मी शेतकऱ्यांना निघताना विचारायचो. राहिलं होतं. स्टँडवरचं राहिलं होतं. मी म्हणालो, "न्हाय. एवढंच."

दुसऱ्या दिवसापासनं कामाला लागलो. कोळसा इस्त्रीवाल्याकडनं मागून आणला. नारळाच्या शेंड्या देवळाबाहेर ढिगानं पडलेल्या असतात. गावात मला सगळे ओळखतात, तरी पिशवी घेऊन शेंड्या वेचत हिंडलो. त्या तीन दिवस भिजवल्या, रोज पाणी बदललं, तांबडं पाणी सुटायचं थांबेपर्यंत. कुंभाराकडं जाऊन बाजूनं भोकं असलेली कुंडी मागितली. तो म्हणाला, "साहेब, पाणी राहावं म्हणून आमी मडकं घडवतो. तुमी पाणी पळावं म्हणून मागताय." पण करून दिली.

मातीतनं झाड काढलं तेव्हा वास आला. काळी चिकट माती धुता धुता मुळांची सालं हातात सुटून आली, आत नुसता दोरा. जी मुळं मी अंगठ्यानं दाबून आत कोंबली होती, ती सगळी गेली होती. बोटभर लांबीची दोनच टणक उरली. कात्री गॅसवर तापवून कुजलेलं सगळं कापलं, कापल्या जागी हळद लावली, आणि एक दिवस झाड सावलीत पेपरवर उघडं ठेवलं. बायको दर तासाला येऊन बघून जायची. मग नव्या कुंडीत, माठाच्या शेजारी, स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथं गारवा असतो, हेही लेकीनंच सांगितलेलं.

दर रविवारी सकाळी मी फोटो पाठवायला लागलो. फोन करायचा धीर नव्हता. ती लिहायची, "ठीक." पुढच्या रविवारी, "बघू." मी तेवढ्यावर आठवडा काढायचो. तिसऱ्या रविवारी बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं टोक दिसलं. नवं मूळ. फोटो पाठवला तर तिनं लिहिलं, "छान, आप्पा." बायकोनं तो फोन हातात घेऊन दोनदा वाचला आणि खंडोबाला नारळ बोलली.

मग झड लागली. चार-पाच दिवस सूर्य नाही, सगळं दमट, कपडे वाळेनात. आणि मी, हात स्वस्थ बसला असता तर ना, नवं मूळ आलं ह्या आनंदात रोज सकाळी झाडावर पाणी शिंपडत होतो. पानाच्या बेचक्यात पाणी साठलं. पंचमीला आठ दिवस होते. कोवळं मधलं पान जरा काळं दिसलं म्हणून बोट लावलं, तर ते सबंध पानच उपसून हातात आलं. बुडाशी तपकिरी, पिचपिचीत. नवं मूळही सुकलं होतं. दुसऱ्या दिवशी उरलेलं पान आपसूक गळालं. कोळशाच्या तुकड्यांत एक काळा खुंट राहिला.

बायको खाली बसली. मग म्हणाली, "तिला सांगू नगा. मागचा फोटू पाठवा. एकदा घरी येऊ द्या, मग बघू. झाड गेलं म्हणल्यावर ती यायची न्हाय."

मी मागच्या रविवारचा फोटो काढला. हिरवं टोक दिसत होतं त्यात. नुसतं बोट दाबायचं होतं. पण मी दमलो होतो. माणसं खोटं सांगतात म्हणून ओरडून दमलो होतो, आणि आता स्वतः सांगायचं म्हणजे अजून एकदा तेवढंच दमायचं. बायकोला म्हणालो, "न्हाय, हे आता माझ्यानं होत न्हाय." चष्मा पुसला आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं. "बाई, झाड गेलं. वरनं पाणी शिंपडलं, मीच. पान न्हाय, मूळ न्हाय. आणि एक सांगायचं राहिलं होतं. स्टँडवर बोललो ते चुकलं. दोन वर्षं म्हणता आलं न्हाय. झाड नसलं तरी पंचमीला ये."

दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळचा फोनही आला नाही. बायको माझ्याशी बोलेना, ताट वाढून आत निघून गेली. मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करत होतो तेव्हा फोन वाजला. तिनं लिहिलं होतं, "कुंडी गरम पाण्यानं धुऊन ठेवा. कोळसा उकळून वाळवा, शेंड्या नव्या घ्या. चतुर्थीला दुपारच्या गाडीनं येते. दुसरं झाड आणते, पण ह्या वेळी लावायचं मी."

बायकोला दाखवलं. तिनं वाचलं आणि देवापुढं गेली. बराच वेळ तिची पाठ दिसत होती. मग फोटोमागनं तो कागद काढून आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "हे तरी वाचा आता. त्या दिवशी म्या वाचत हुते तर तुमी पुरतं ऐकूनसुदिक घेतलं न्हाय."

घडीवर कुंकू सांडलं होतं. मातीचं, पाण्याचं, उन्हाचं, सगळं तिनं चार ओळींत लिहिलं होतं. मी ज्या ज्या चुका केल्या त्या सगळ्या तिथं आधीच लिहिलेल्या होत्या. आणि खाली शेवटची ओळ: "आई, पान बिघडलं तर नर्सरीत फोन करू नको, आधी आप्पांना दाखव. पानातलं त्यांच्याइतकं मलाही कळत नाही."

चतुर्थीला दुपारी तो कागद शर्टाच्या खिशात घातला आणि तिला आणायला स्टँडवर गेलो.